किती उजेड पुरे?

पोवळे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम उभा राहतो तो दागिना. आजीच्या पेटीतील सोन्यात गुंफलेली तांबडी माळ, किंवा मंगळाची पीडा टळावी म्हणून अनामिकेत घातलेली अंगठी. कोकणीत आम्ही त्यास पोंवळें म्हणतो, मराठीत पोवळे अथवा प्रवाळ. नावे कितीही असली तरी वस्तू एकच, अशी आपली समजूत असते. ती समजूत खरी नाही, आणि ती खरी नाही हे ध्यानात आल्यावाचून प्रस्तुत लेखाचा विषय नीट उमगावयाचा नाही. विषय असा : घरातील काचेच्या टाकीत खारे पाणी भरून त्यात जिवंत पोवळी पाळणारे हौशी लोक आज जगात पुष्कळ आहेत. ते आपल्या पोवळ्यांवर जो दिवा लावतात, तो किती प्रखर असावा? विषय लहान दिसतो, आणि कलाशाखेच्या पदवीधराने त्यात का पडावे असेही कोणी विचारील. परंतु एखाद्या मुक्या जीवास काय हवे हे ठरविताना माणूस आपल्याच डोळ्यावर किती विसंबून राहतो, हा प्रश्न केवळ विज्ञानशाखेचा आहे असे मला वाटत नाही.

दागिन्यातले तांबडे पोवळे भूमध्य समुद्रातले. ते खडकांच्या कपारींत, गुहांच्या छताखाली, जेथे उजेड मंद असतो अशा ठिकाणी वाढते. प्रवाहाबरोबर वाहत येणारे सूक्ष्म अन्नकण टिपून ते जगते; सूर्याशी त्याचे देणेघेणे फारसे नाही. आपल्या गोव्याचा ह्या पोवळ्याशी जुना संबंध आहे. अठराव्या शतकात इटलीतील लिव्होर्नो बंदरातले यहुदी व्यापारी भूमध्य समुद्रातील पोवळी लिस्बनमार्गे गोव्यास पाठवीत, आणि गोव्यातले हिंदू व्यापारी त्यांच्या मोबदल्यात हिरे रवाना करीत. भाषा वेगळी, धर्म वेगळा, मध्ये अर्ध्या पृथ्वीचे अंतर; तरी केवळ पत्रांच्या विश्वासावर हा व्यवहार चाले. इतिहासाच्या शिक्षकास येथे रेंगाळण्याचा मोह होतो, पण तो आवरला पाहिजे. ध्यानात ठेवावयाचे ते इतकेच, की आपल्या घराघरांत पोहोचलेले हे पोवळे सावलीतले आहे.

समुद्रात भिंती आणि बेटे उभारणारी पोवळी ह्याहून निराळी. त्यांतील एकेक जीव, ज्यास शास्त्रात पॉलिप म्हणतात, बहुधा अगदी लहान असतो. वर तोंड, तोंडाभोवती बोटांसारखे स्पर्शक आणि खाली स्वतःच बांधलेले चुन्याचे घर. असे हजारो जीव एकमेकांस चिकटून एक वसाहत होते. नवल पुढेच आहे. ह्या जीवांच्या पेशींच्या आत सोनेरी-तपकिरी रंगाची एकपेशीय शैवाले बिऱ्हाड करून राहतात. पोवळ्याच्या एका चौरस सेंटीमीटरात त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात जाते. शैवाल सूर्यप्रकाशात साखर तयार करते व त्यातला मोठा वाटा यजमानास देते. पुष्कळ जातींत पोवळ्याच्या गरजेची नव्वद टक्क्यांपर्यंत शक्ती ह्या एकाच मार्गाने येते. म्हणजे हा प्राणी खरा, पण त्याची चूल सूर्यावर पेटते.

ही गोष्ट शास्त्रज्ञांना एका दिवसात कळली नाही. १९२८-२९ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांची एक तुकडी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरील लो आयल्स ह्या बेटांवर जाऊन राहिली होती. मॉरिस याँग हे तिचे प्रमुख. त्यांनी काही पोवळी प्रकाश न शिरणाऱ्या पेटीत ठेवून पाहिली. अंधारात पोवळ्यांनी आपल्या अंगातील शैवाले हळूहळू बाहेर टाकली व ती फिकी पडली. परंतु लगेच मेली मात्र नाहीत. त्यावरून याँग ह्यांनी असा निष्कर्ष काढला की, शैवालाकडून पोवळ्यास अन्न मिळत नसावे. प्रयोग चोख होता, निष्कर्ष टिकला नाही. १९५८ साली मस्कटीन व हँड ह्या दोघांनी पोवळ्याच्याच गोत्रातील समुद्रफुलावर किरणोत्सर्गी कार्बनचा प्रयोग केला, आणि शैवालाने प्रकाशात बांधलेला कार्बन यजमानाच्या शरीरात उतरतो हे दाखवून दिले. पुढे पोवळ्यांविषयीही तेच सिद्ध झाले.

त्याही पूर्वी, १८४२ साली, चार्ल्स डार्विनने प्रवाळभित्तींवर एक ग्रंथ लिहिला होता. भित्ती बांधणारी पोवळी वीस-तीस वावांपेक्षा अधिक खोल पाण्यात वाढत नाहीत, हे त्याने जाणले होते. आमचे खारवी अजूनही वाव हे माप जाणतात. एक वाव म्हणजे सहा फूट. आता कोडे असे होते, की पॅसिफिक महासागरात अथांग पाण्यातून वर आलेली पोवळ्यांची कंकणाकृती बेटे आहेत. उथळ पाण्यातच वाढणाऱ्या जीवांनी ती तळापासून कशी रचली? डार्विनने उत्तर दिले : बेटाखालचा ज्वालामुखी पर्वत सावकाश खचत गेला, आणि पोवळी प्रकाशाच्या पट्ट्यात राहण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वरवर बांधत गेली. १९५२ साली मार्शल बेटांपैकी एनेवेटाक येथे छिद्र पाडून पाहिले, तेव्हा बाराशे मीटरांहून अधिक जाडीच्या चुनखडकाखाली खरोखरच ज्वालामुखीचा काळा खडक लागला. प्रकाशाची पातळी सुटू नये म्हणून हजारो शतके चाललेले ते बांधकाम होते. अशा जीवास आपण दीड हात उंचीच्या टाकीत आणतो आणि वर दिवा टांगतो.

घरगुती टाकीत पोवळी जगविण्याची विद्या फार जुनी नव्हे. १९६१ च्या सुमारास इंडोनेशियातील जाकार्ता येथे ली चिन एंग ह्या गृहस्थांनी समुद्रातील जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि खिडकीतून येणारे ऊन एवढ्याच साधनांवर पोवळी पाळून दाखविली. पण ऊन हे जाकार्ताला फुकट मिळते, बर्लिन वा शिकागोत नाही. थंड देशांतील हौशी लोकांनी मग मेटल हॅलाइडचे मोठे दिवे टांगले. त्यांचा उजेड सणसणीत, आणि उष्णता इतकी की पाणी गार ठेवण्यास निराळे यंत्र लागे. आता एल. ई. डी. दिवे आले आहेत. ते थंड असतात, वीज कमी खातात, निळा-पांढरा कोणताही रंग पाहिजे तेवढा देतात, आणि मोबाइलच्या पडद्यावर बोट फिरविले की दहा टक्क्यांचे शंभर टक्के होतात. माझ्या मते घोटाळा येथे सुरू झाला. जुन्या दिव्याची उंची बदलावयाची तर शिडी लागे, हातोडी लागे, घरातल्यांची संमती लागे. तेवढ्या वेळात मनुष्य विचार करी. बोट फिरविण्यास विचार लागत नाही.

माझे एक मावसबंधू गेली कित्येक वर्षे जर्मनीत हॅम्बुर्ग येथे असतात. तेथील लांब, काळवंडलेल्या हिवाळ्यात घरात काहीतरी रंगीत व जिवंत असावे, म्हणून त्यांनी अशी एक टाकी ठेवली. चतुर्थीला ते घरी आले असता मोठ्या हौसेने त्यांनी तिची छायाचित्रे दाखविली. शेवटच्या दोन चित्रांत वरच्या खडकावरील एक फांद्यांचे पोवळे शुभ्र पांढरे दिसत होते. मी विचारले, “दादा, हे पांढरे कसे?” ते म्हणाले, “टाकी मला काळोखी वाटे रे. पाहुणे आले की काहीच दिसत नसे. म्हणून चाळीस टक्क्यांचा दिवा सत्तर केला. आठवड्याभरात ते फिके पडू लागले. वाटले, अजून उजेड कमी पडतो आहे. म्हणून नव्वद केला.” पोवळे तेवढ्यावर आटोपले. दादा हुशार आहेत, अभियंते आहेत. त्यांनी केले ते बहुतेकांनी केले असते, कारण त्यांनी साक्ष घेतली ती डोळ्याची.

ह्या प्रकरणी डोळ्याची साक्ष का धरू नये, ते सांगितले पाहिजे. समुद्राच्या पाण्यात तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच गळून जातो; खोल बुडी मारणाऱ्यास स्वतःचे रक्त हिरवट-काळे दिसते ते ह्यामुळेच. निळा प्रकाश सर्वांत खोल जातो. शैवालांची अंगे ह्या निळ्याला सरावलेली असतात, म्हणून पोवळ्यांच्या दिव्यांतही निळा रंग भरपूर घालतात. आपला डोळा मात्र जमिनीवर घडलेला आहे. त्याची नजर हिरवट-पिवळ्या प्रकाशास सर्वांत अधिक दाद देते. ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशास त्याच्या सुमारे पंचविसावा हिस्सा. म्हणजे जो दिवा आपल्याला संधिप्रकाशासारखा मंद वाटतो, तो पोवळ्याच्या अंगातील शैवालास भर दुपार वाटत असेल. छायाचित्रकार वापरतात ते लक्स मोजणारे यंत्रही मनुष्याच्या डोळ्याबरहुकूम बनविलेले असते. निळ्या दिव्याखाली तेही तसेच फसते.

शैवालास उपयोगी पडणारा प्रकाश मोजण्याचे यंत्र निराळे आहे. दर चौरस मीटरावर दर सेकंदास प्रकाशकण किती पडतात ते हे यंत्र सांगते, आणि आकडा मायक्रोमोलांत येतो. उष्ण कटिबंधात निरभ्र दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर हा आकडा दोन हजारांच्या आसपास असतो. टाक्यांतील अनुभवी लोकांनी धरलेले आकडे त्या मानाने फारच खालचे आहेत. मऊ अंगाच्या, छत्रीसारख्या किंवा कातडी पोवळ्यांस ५० ते १५० पुरतात. मांसल अंगाच्या खडकी पोवळ्यांस शंभर ते दोनशेच्या आत. आणि अ‍ॅक्रोपोरासारख्या फांद्यांच्या, उन्हाळू पोवळ्यांस २०० ते ३५०. एकाच टाकीत वरच्या खडकावर चारशे आणि तळाच्या कोपऱ्यात चाळीस असे सहज होते, म्हणून मोजणी प्रत्येक पोवळ्याच्या जागी, पाण्याखाली, दिवा रोज जसा असतो तसा ठेवून केली पाहिजे. दिव्यावर किती टक्के लिहिले आहे त्याला काही अर्थ नाही. झाकणाच्या काचेवर साचलेले मीठसुद्धा आकडा खाली आणते, आणि एके दिवशी गृहिणीने ती काच लख्ख पुसली की पोवळ्यांवर एकाएकी ऊन कोसळते! हे यंत्र महाग असते. पण चार टाकीवाल्यांनी मिळून एक घ्यावे किंवा दोन दिवस भाड्याने आणावे. दिव्यावर खर्च करणाऱ्याने मापावर खर्च करू नये, हे मला विपरीत वाटते.

अधिक प्रकाशाने अधिक वाढ का होत नाही, हे आपल्या विद्यालयाच्या प्रयोगशाळेतच पाहता येते. हायड्रिलाची फांदी पाण्यात चाडीखाली ठेवून वर परीक्षानळी पालथी घालतात, तो प्रयोग नववी-दहावीच्या मुलांस ठाऊक आहे. दिवा जवळ आणला की बुडबुड्यांची संख्या वाढते. आणखी जवळ आणला की आणखी वाढते. पण एका मर्यादेनंतर दिवा कितीही जवळ आणा, बुडबुडे तेवढेच. पानातील यंत्रणा जेवढा प्रकाश पचवू शकते तेवढा पचविते; उरलेला तिच्या अंगावर येतो. पोवळ्यातील शैवालाचे हेच आहे. न पचलेल्या प्रकाशापासून प्राणवायूची विषारी रूपे निर्माण होतात, ती शैवालाची यंत्रणा मोडतात व यजमानाच्या पेशींसही पोळतात. मग पोवळे शैवालास घराबाहेर काढते आणि त्याचे पांढरे हाड उघडे दिसू लागते. दादांच्या टाकीतले पांढरेपण ते हेच. याँग ह्यांच्या पेटीत अंधाराने जे घडले, ते येथे उजेडाने घडले. म्हणून नुसत्या रंगावरून कारण सांगणे धोक्याचे.

ह्यावर एक आक्षेप येतो, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. समुद्रात दोन हजार पडतात, उथळ पाण्यातील पोवळी ते सोसतात. मग टाकीत दोनशेचे रेशन कशासाठी? काही निष्णात लोक पाचशे-सहाशेवरही फांद्यांची पोवळी उत्तम वाढवितात, हेही खरे आहे. पण समुद्रातले दोन हजार हे मध्यान्हीचे, निरभ्र आकाशाचे व पृष्ठभागाचे. सकाळ-संध्याकाळ, ढग, लाटा, भरतीचे पाणी ह्यांनी तो आकडा सतत हलतो. टाकीतील दिवा सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत एकाच आकड्यावर खिळून राहतो. शिवाय जे पोवळे उन्हात वाढले त्याने आपल्या अंगातील शैवालांची संख्या व रंगद्रव्ये त्या उन्हास जुळवून घेतलेली असतात. दुकानातील मंद कोपऱ्यात महिनाभर राहिलेल्या तुकड्याने ती मंदपणास जुळविलेली असतात. ही जुळवाजुळव होण्यास दिवस नव्हे, आठवडे लागतात. पाचशेवर पोवळी वाढविणारे निष्णात तेथे एका उडीत पोहोचलेले नाहीत.

म्हणून माझे मत असे. नवे पोवळे प्रथम तळाशी ठेवावे किंवा दिवा ठरविलेल्या आकड्याच्या निम्म्यावर आणावा, आणि चार ते सहा आठवडे घेऊन तो पायरीपायरीने चढवावा. पूर्वी मेटल हॅलाइडचा जुना, दमलेला दिवा काढून नवा लावला की पोवळी पांढरी पडत. तेव्हाचे जाणते लोक नवा दिवा काही दिवस उंच टांगून मग हळूहळू खाली घेत. ती सावधगिरी यंत्र बदलले म्हणून जुनी झालेली नाही. एकदा चढविल्यावर बोट पडद्यावरून काढून घ्यावे आणि महिनाभर पाहावे. पोवळे तपकिरी झाले तर घाबरण्याचे कारण नाही; उजेड कमी असल्याने त्याने शैवाल वाढविले एवढाच बहुधा त्याचा अर्थ. पोवळे मान लांबवून दिव्याकडे ताणू लागले तर थोडे वाढवावे. फिके पडू लागले, पॉलिप दिवसा आत दडून बसू लागले, तर प्रथम दिवा उतरवावा आणि मग इतर कारणे शोधावीत. पाणी तापले असेल. ह्या टाक्या २४ ते २७ अंश सेल्सियसवर ठेवतात. किंवा पाणी प्रमाणाबाहेर स्वच्छ केल्याने नायट्रेट व फॉस्फेट अगदीच संपले असतील, कारण उपाशी पोवळेही फिके पडते. उतरविलेल्या दिव्याने क्वचितच काही नासते. चढविलेल्याचे तसे नाही.

प्रकाशाची मात्रा म्हणजे केवळ तीव्रता नव्हे, काळही. गणिताच्या मुलांनी हिशेब करून पाहावा : २०० मायक्रोमोल, दहा तास. एका तासात ३६०० सेकंद. गुणाकार बहात्तर लक्ष मायक्रोमोल, म्हणजे ७.२ मोल. निरभ्र दिवशी उष्ण कटिबंधातील समुद्रपृष्ठावर हा दिवसाचा आकडा पन्नासच्या घरात असतो. काही मीटर पाण्याखाली आणि ढगाळ दिवशी तो पुष्कळच उतरतो. टाकी मंद वाटते म्हणून दिवा चौदा-चौदा तास जळत ठेवणारे लोकही आहेत. रात्री पाहुणे येतात, तेव्हा टाकी उजळलेली हवी! परंतु रात्र ही पोवळ्याची रिकामी वेळ नव्हे. पुष्कळ जातींचे पॉलिप अंधारातच पूर्ण उमलतात व भक्ष्य टिपतात. चंद्राच्या कला पाहून वर्षातील ठराविक रात्री ती अंडी व बीजे पाण्यात सोडतात. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा, ऋतूंप्रमाणे पाण्याचे तापमान आणि चंद्रप्रकाशही कृत्रिमरीत्या हुबेहूब दिला, तेव्हा २०१३ साली बंदिस्त टाकीत पोवळ्यांनी अंडी सोडली. तेथे यश आले ते अधिक उजेड देऊन नव्हे. उजेड केव्हा नसावा, हेही त्यांनी मोजले होते.

एक खंत मांडावीशी वाटते. टाक्यांची जी चित्रे सर्वत्र मिरवतात, त्यांत पोवळी हिरवी-जांभळी पेटलेली दिसतात. निळ्या दिव्याखाली त्यांच्या अंगातील काही प्रथिने चमकतात, हे खरे व सुंदर आहे. पण ती चमक अधिकाधिक दिसावी म्हणून दिवा ठरवावयाचा, तर मग तो दिवा पोवळ्यासाठी आहे की दिवाणखान्यासाठी? घरातील मुलाच्या अभ्यासाच्या दिव्याविषयी आपण असे करीत नाही. त्याला वाचता येते का, एवढेच पाहतो.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. गोव्यास पोवळी नाहीत असे पुष्कळांना वाटते. मुरगावजवळच्या ग्रांदे बेटाभोवती ती आहेत, आणि दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केला आहे. मालवणच्या समुद्रातही आहेत. तेथील सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. विजयदुर्गाच्या पश्चिमेस शंभर किलोमीटरांहून दूर, पाण्याखाली बुडालेल्या अँग्रिया बँक ह्या पठारावर तर पोवळ्यांची मोठी वसाहत आहे; आंग्र्यांचे नाव इंग्रजी नकाशातून असे आपल्याकडे परत आले. किनाऱ्यालगतच्या पोवळ्यांची स्थिती टाकीतल्या लाडक्या पोवळ्यांच्या अगदी उलट आहे. पावसाळ्यात मांडवी व झुवारी तांबडी माती समुद्रात ओततात, चार महिने पाणी गढूळ राहते, आणि खाली उजेड कितीसा पोहोचत असेल? तरी ती तग धरतात. स्वच्छ निळ्या पाण्यातील लक्षद्वीपच्या पोवळ्यांस जो प्रकाश पोषक, तो ह्यांना एकाएकी मिळाला तर सोसणार नाही. म्हणूनच ‘पोवळ्यास किती प्रकाश हवा?’ ह्या प्रश्नाला एक उत्तर नाही. कोणत्या पोवळ्यास, आणि ते कोठून आले, हे आधी विचारावे लागते.

टाकीतील पांढरेपण लहान वाटेल, पण तेच आता समुद्रात फार मोठ्या प्रमाणावर घडत आहे. १९९८, २०१० आणि २०१६ साली लक्षद्वीपची पोवळी पांढरी पडली. २०२४ साली पुन्हा पडली, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी सर्व जगभर चौथ्यांदा हे संकट आल्याचे जाहीर केले. मूळ कारण तापलेला समुद्र. परंतु पाणी तापले की शैवालाची प्रकाश पचविण्याची शक्ती घटते, आणि कालपर्यंत अन्न देणारा तोच सूर्य आज पोळू लागतो. उष्णता व प्रकाश ही दोघे मिळून घाव घालतात. म्हणून ऑस्ट्रेलियात २०२० साली ग्रेट बॅरियर रीफवर समुद्राच्या पाण्याचे अतिसूक्ष्म तुषार हवेत उडवून ढग अधिक उजळ करण्याचा व त्यायोगे खाली सावली पाडण्याचा प्रयोग करून पाहिला गेला. ज्या भित्तीला सूर्याने वाढविले तिच्यावर छत्री धरण्याची पाळी यावी, हे वाचून मी काही वेळ पुस्तक मिटून बसलो. हॅम्बुर्गमधल्या टाकीत दिवा उतरविणे एका बोटाचे काम आहे. लक्षद्वीपला ते बोट कोणाचे?

आमच्या वरच्या वर्गातील काही विद्यार्थ्यांनी सुचविले आहे की, विज्ञानकक्षात पोवळ्यांची एक टाकी असावी. त्यांच्या उत्साहाचे मला कौतुक आहे. सूचनेस मात्र माझा विरोध आहे. एक तर कायदा. आपल्या देशात वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीस, खडकी पोवळ्यांच्या सर्व जाती २००१ साली घातलेल्या आहेत. ती समुद्रातून काढणे हा गुन्हा आहे, आणि शोभेसाठी विकावयास ठेवलेली त्यांची पांढरी फांदी विकत घेणेही. सहलीहून येताना कोणी ती आणू नये, हे पालकांनीही ध्यानात ठेवावे. दुसरे असे की, शाळा सुटीत दीड महिना बंद असते, वीज जाते, आणि मे महिन्यातील आमच्या वर्गांची उष्णता सर्वांना परिचित आहे. ज्या जीवाचे अन्नपाणी दिव्याच्या आकड्यावर अवलंबून, त्यास तेथे आणून ठेवणे हा अभ्यास नव्हे.

टाकी मात्र असावी. गोड्या पाण्याची, हायड्रिलाची. आपल्या ओहोळांत व तळ्यांत हवी तेवढी मिळते. दिवा २० सेंटीमीटरांवर, मग ३०, ४० व ६० वर ठेवून प्रत्येक वेळी पाच मिनिटांतील बुडबुडे मोजावेत; अंतर बदलल्यावर फांदीस थोडा वेळ स्थिरावू द्यावे, आणि दिव्याने पाणी तापू नये म्हणून मध्ये पाण्याने भरलेले काचेचे भांडे उभे करावे. एकदा निळा जिलेटिनचा कागद लावून मोजावे, एकदा तांबडा लावून. कोणता दिवा डोळ्यास अधिक उजळ वाटला हे आधी वहीत लिहावे आणि बुडबुड्यांचा आकडा मागाहून. दोन्ही रकाने भरलेल्या वह्या दिवाळीपूर्वी माझ्याकडे आल्या, तर पुढील वर्षीच्या अंकात ते आकडे मुलांच्या नावांसह छापू.